सीडीएलची एअर ब्रेक लेखी परीक्षा: आकडे पाठ करण्याआधी हवेचा रस्ता काढा

प्रश्न असा आहे: भारतात बरीच वर्षं मल्टिॲक्सल गाडी चालवली, आता न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहे. सीडीएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक वाहन परवान्याचा, जनरल नॉलेजचा पेपर निघाला. पण एअर ब्रेकच्या पेपरात दोनदा थोडक्यात राहिलो. आकडे डोक्यात गोंधळतात. अभ्यास कसा करू?

थोडक्यात राहिलात याचा अर्थ तुम्हाला ब्रेक कळत नाहीत असा नाही. मुरलेले चालक या पेपरात अडकतात ते बहुधा दोन कारणांनी. गाडी हातापायांना पाठ असते, पण मॅन्युअलच्या शब्दांत ती कधी मांडलेली नसते, हे एक. दुसरं म्हणजे आकडे सुटेसुटे घोकलेले असतात. पडद्यावर ५५, ७५, ९०, १०० असे चार पर्याय आले की चारही ओळखीचेच वाटतात. त्यामुळे घोकंपट्टी आता थांबवा. एका मोठ्या कागदावर हवा कॉम्प्रेसरमधून निघून चाकापर्यंत कशी जाते तो रस्ता काढा, आणि प्रत्येक आकडा त्या रस्त्यावर जिथे बसतो तिथेच लिहा. एकदा आकडा जागेला चिकटला की तो दुसऱ्या आकड्याशी भांडत नाही.

पेपरचं स्वरूप तुम्हाला माहीत आहेच, तरी नोंद म्हणून: बहुतेक राज्यांत २५ प्रश्न, पास व्हायला ८० टक्के, म्हणजे २० बरोबर. पाच चुका चालतात, सहावी नाही. प्रश्न राज्याच्या सीडीएल मॅन्युअलच्या पाचव्या प्रकरणातून येतात. हे मॅन्युअल सगळ्या राज्यांत जवळपास एकाच साच्याचं असतं, मुखपृष्ठ आणि शुल्काची पानं तेवढी वेगळी. ट्रेलर ओढायचा असेल तर सहावं प्रकरण, कॉम्बिनेशन व्हेइकल्स, हा वेगळा पेपर. त्यातही हवेच्या नळ्यांचे प्रश्न भरपूर असतात, त्यामुळे दोन्हींचा अभ्यास एकत्र केला तर मेहनत वाचते.

आता कागद घ्या.

सुरुवात कॉम्प्रेसरपासून. तो इंजिनावर चालतो, गिअरने किंवा व्ही-बेल्टने. बेल्टवर असेल तर बेल्टचा ताण आणि झीज पाहणं हे तपासणीत येतं. काही कॉम्प्रेसरना स्वतःचं तेल असतं, काही इंजिनच्याच तेलावर चालतात. स्वतःचं असेल तर गाडी काढण्याआधी पातळी पाहायची. कॉम्प्रेसर टाकीत हवा कधी भरेल आणि कधी थांबेल हे गव्हर्नर ठरवतो. दाब साधारण १२५ पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच, हे दाबाचं माप) पोचला की तो पंपिंग थांबवतो, हा कट-आउट. दाब उतरून साधारण १०० झाला की पुन्हा सुरू करतो, हा कट-इन. या दोन आकड्यांची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. कट-इन हा हवा आत भरायला सुरुवात करण्याचा बिंदू, म्हणून तो खालचा.

तिथून हवा टाक्यांमध्ये जाते. कॉम्प्रेसर बंद पडला तरी काही वेळा ब्रेक लागतील इतकी हवा टाक्यांत साठलेली असते. ज्या टाकीत हवा सर्वांत आधी येते तिच्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि तो साधारण १५० पीएसआयला उघडतो. प्रश्न बहुधा उलटा विचारतात: सेफ्टी व्हॉल्व्ह हवा सोडत असेल तर काय समजायचं? व्हॉल्व्ह खराब आहे असं नाही, तर यंत्रणेत कुठेतरी बिघाड आहे आणि मेकॅनिककडे जायला हवं. गव्हर्नरने १२५ ला थांबवायला हवं होतं, तो थांबवत नाही, म्हणून दाब १५० पर्यंत चढला, असा तर्क लावला की उत्तर आपोआप येतं.

दाबलेल्या हवेत पाणी असतं आणि कॉम्प्रेसरचं थोडं तेलही. दोन्ही टाकीच्या तळाशी साचतात. थंडीत हे पाणी गोठतं, बर्फ व्हॉल्व्हमध्ये किंवा नळीत अडकतो आणि ब्रेक निकामी होतात. कोकणात किंवा देशावर गाडी चालवलेल्या माणसाला हा धोका कधी जाणवलेला नसतो. न्यू जर्सीच्या जानेवारीत तो रोजचा आहे. म्हणून हाताने उघडायची ड्रेन कॉक असेल तर रोज काम संपल्यावर टाकी रिकामी करायची. काही गाड्यांना अल्कोहोल इव्हॅपोरेटर असतो, तो हवेत अल्कोहोल सोडून बर्फ होण्याची शक्यता कमी करतो. इथे हमखास येणारा प्रश्न: इव्हॅपोरेटर असेल तर टाकी रोज रिकामी करायची गरज आहे का? आहे. इव्हॅपोरेटर बर्फ टाळतो, पाणी आणि तेल बाहेर काढत नाही. थंडीच्या दिवसांत त्यातली अल्कोहोलची पातळीही रोज पाहायची.

टाकीतून हवा पेडलपाशी येते. पेडलला मॅन्युअलमध्ये फूट व्हॉल्व्ह आणि ट्रेडल व्हॉल्व्ह ही दोन्ही नावं आहेत, प्रश्नात कोणतंही येऊ शकतं. पेडल जितकं दाबाल तितका दाब पुढे जातो. सोडलं की वापरलेली हवा बाहेर फेकली जाते आणि तितकी हवा टाकीतून गेली. म्हणून उगाच पेडल दाबत-सोडत राहिलं तर कॉम्प्रेसर भरून काढेल त्यापेक्षा वेगाने हवा संपते.

पुढचा टप्पा चाकापाशी. हवा ब्रेक चेंबरमध्ये शिरते, डायफ्रॅम ढकलते, त्याला जोडलेला पुशरॉड बाहेर येतो, पुशरॉड स्लॅक ॲडजस्टरला, म्हणजे त्याला कॅमशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याला, फिरवतो, त्याने कॅमशाफ्ट फिरतो, कॅमशाफ्टच्या टोकाचा इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम दोन्ही शू एकमेकांपासून दूर लोटतो आणि शूवरचे लायनर, म्हणजे घर्षणाची अस्तरं, ड्रमला जाऊन घासतात. पेडल सोडलं की रिटर्न स्प्रिंग शू मागे ओढते. हा क्रम न अडखळता सांगता आला पाहिजे, कारण भागांची नावं आणि कामं यांवर प्रश्न येतातच. वेज ब्रेक आणि डिस्क ब्रेक यांना मॅन्युअलने थोडीच जागा दिली आहे, तुम्हीही थोडाच वेळ द्या.

आता दाबाची उतरंड. त्याच कागदाच्या कडेला उभी रेघ ओढा आणि वरून खाली लिहा: १५० ला सेफ्टी व्हॉल्व्ह, १२५ ला कट-आउट, १०० ला कट-इन, ५५ च्या आधी लो प्रेशरची सूचना, ४५ ते २० मध्ये स्प्रिंग ब्रेक पूर्ण लागणं. भारतातल्या गाडीत तुम्ही बार पाहत आला असाल तर एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, १२५ म्हणजे साडेआठ बारच्या आसपास, ५५ म्हणजे पावणेचारच्या थोडं वर. एकदा मनात जुळवून घ्या आणि मग बार विसरा, परीक्षेत सगळं पीएसआयमध्येच आहे.

यातल्या ५५ वर थोडं थांबू. जुन्या मॅन्युअलमध्ये हाच आकडा ६० होता. फुकट सराव प्रश्न देणाऱ्या पुष्कळ ठिकाणी अजून ६० च आहे, आणि आकडे गोंधळण्यामागे हेही कारण असू शकतं. चालू मॅन्युअल सांगतं की सर्वांत कमी दाब असलेल्या टाकीत दाब ५५ च्या खाली जाण्याआधी सूचना मिळालीच पाहिजे, आणि ती डोळ्यांना दिसणारी हवी. बहुतेक गाड्यांत बझरही असतो. मोठ्या बसमध्ये ती ८० ते ८५ लाच येते. इथे 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. ५८ ला दिवा लागला तर ठीक, ५० ला लागला तर गाडी नापास.

सूचना ५५ ला आणि स्प्रिंग ब्रेक ४५ ते २० ला, असं अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे. स्प्रिंग ब्रेकचा स्वभाव साध्या ब्रेकच्या उलटा आहे: हवा असताना तो सुटलेला असतो, हवा गेली की लागतो. चेंबरमधली जाड स्प्रिंग हवेच्या दाबाने आखडून धरलेली असते. दाब उतरला की ती पसरते आणि ब्रेक आवळते. यात चालकाच्या पायाला काही वाव नाही. भरधाव वेगात चाकं अशी आपोआप धरली गेली तर गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून दिवा किंवा बझर लागताच, पायात ब्रेक शिल्लक असतानाच, गाडी सुरक्षित जागी थांबवायची. 'पुढच्या एक्झिटपर्यंत न्या', 'पेडल पंप करून दाब वाढवा' असे पर्याय दिसतील. दुसरा तर उरलीसुरली हवाही घालवतो.

पार्किंग ब्रेकचा नॉब पिवळा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा. ओढला की ब्रेक लागतो, ढकलला की सुटतो. ट्रेलरच्या हवेचा नॉब लाल आणि अष्टकोनी. पार्किंग ब्रेक लावलेला असताना पेडल दाबायचं नाही, कारण स्प्रिंगचा जोर आणि हवेचा जोर एकाच वेळी स्लॅक ॲडजस्टर आणि कॅमवर येतो आणि भाग मोडू शकतात. बऱ्याच गाड्यांत असं होऊ नये अशी सोय असते, तरी मॅन्युअल सवय लावून घ्यायला सांगतं, कारण सोय सगळीकडे नसते आणि असली तरी दरवेळी चालेलच असं नाही.

गाडी उभी करताना पार्किंग ब्रेक लावायचाच, पण दोन अपवाद आहेत आणि प्रश्न अपवादांवरच येतात. नुकताच मोठा उतार उतरून ब्रेक खूप तापलेले असतील तर लावू नका, उष्णतेने नुकसान होतं. गोठवणाऱ्या थंडीत ब्रेक ओले असतील तरी लावू नका, शू ड्रमला गोठून चिकटतात आणि गाडी हलत नाही. दोन्ही वेळा चाकांना ठोकळे लावायचे.

ड्युअल एअर ब्रेक म्हणजे दोन स्वतंत्र हवाई यंत्रणा, पण नियंत्रणं एकच संच. एक साधारणपणे मागच्या ॲक्सलचे ब्रेक चालवते, दुसरी पुढच्या ॲक्सलचे. ट्रेलर असेल तर त्याला दोन्हींतून हवा जाते. गाडी हलवण्याआधी दोन्ही यंत्रणांत किमान १०० पीएसआय हवा भरू द्यायची. एका यंत्रणेचा दाब पडला तर गाडी थांबेल, पण पुढचे किंवा मागचे ब्रेक पूर्ण काम करणार नाहीत, अंतर वाढेल. तेव्हाही थांबून दुरुस्तीच.

तपासणीचा भाग सर्वांत जास्त मार्क खातो, आणि हाच भाग पुढे प्रत्यक्ष परीक्षेत गाडीपाशी उभं राहून करून दाखवायचा आहे. म्हणून तो इथेच नीट बसवा.

आधी स्लॅक ॲडजस्टर. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना ठोकळे लावा, मग पार्किंग ब्रेक सोडा. ठोकळे का, तर ब्रेक सोडलेली गाडी निसटू नये म्हणून. ब्रेक का सोडायचा, तर तो लागलेला असताना पुशरॉड आधीच बाहेर आलेला असतो, ढिलाई कळणारच नाही. हातमोजे घालून हात पोचेल तो प्रत्येक स्लॅक ॲडजस्टर जोरात ओढा. पुशरॉड जिथे जोडला आहे तिथे साधारण एक इंचापेक्षा जास्त हलला तर समायोजन हवं. फार ढिलाई असेल तर चेंबरचा अर्धा मार पोकळ अंतर कापण्यातच जातो आणि लायनर ड्रमला पुरेसा भिडत नाही. स्प्रिंग ब्रेकही याच स्लॅक ॲडजस्टरमधून काम करतो, त्यामुळे साधा ब्रेक ढिला तर आपत्कालीनही ढिला. हा थेट विचारला जाणारा मुद्दा आहे. १९९४ पासूनच्या गाड्यांत ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टर असतात, तरी तपासणी चुकत नाही. आणि ऑटोमॅटिक ॲडजस्टरचा स्ट्रोक, म्हणजे पुशरॉडची हालचाल, वाढला असेल तर पाना लावून आवळून पुढे जायचं नाही. भारतात रस्त्याकडेला हे सर्रास होतं. ऑटोमॅटिक ॲडजस्टर ढिला पडला याचा अर्थ तो स्वतः किंवा ब्रेकचा दुसरा कुठला भाग बिघडला आहे. आवळल्याने एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

ड्रम आणि लायनर पाहताना लक्षात ठेवायची मर्यादा एकच: ड्रमवरची चीर घर्षणाच्या पट्ट्याच्या निम्म्या रुंदीपेक्षा लांब नको. लायनर सैल, तेल-ग्रीस लागलेले किंवा धोकादायक पातळ नकोत.

मग केबिनमध्ये बसून दाबाच्या चाचण्या. आधी भरण्याचा वेग: ड्युअल यंत्रणेत, इंजिन कामाच्या आरपीएमवर असताना, दाब ८५ पासून १०० पर्यंत ४५ सेकंदांत चढला पाहिजे. टाक्या नेहमीपेक्षा मोठ्या असतील तर थोडा जास्त वेळ चालतो. जुन्या, १९७५ आधीच्या एकेरी यंत्रणेसाठी ५० पासून ९० पर्यंत तीन मिनिटं, आणि तेही आयडलवर. दोन्ही जोड्या शेजारीशेजारी लिहा, प्रश्नात एकीचे आकडे दुसरीला जोडून देतात.

हवा पूर्ण भरली की गळतीची चाचणी. इंजिन बंद करा, नाहीतर कॉम्प्रेसर गळती भरून काढत राहील आणि काटा हलणारच नाही. पार्किंग ब्रेक सोडा, म्हणजे स्प्रिंग चेंबर आणि तिकडच्या नळ्यांतही हवा जाते आणि तिथली गळतीही मोजणीत येते. पेडलला पाय न लावता एक मिनिट काटा पाहा: एकट्या गाडीत २ पीएसआयपेक्षा कमी घट, ट्रेलरसह ३ पेक्षा कमी. मग पेडल घट्ट दाबून धरा, दाबताक्षणी काटा थोडा पडेल तो सोडून द्या, तिथून पुन्हा एक मिनिट: एकट्या गाडीत ३ पेक्षा जास्त नको, ट्रेलरसह ४ पेक्षा जास्त नको. चार आकडे घोकू नका. सुरुवात २, ट्रेलर लागला की एक वाढवा, पेडल दाबलं की एक वाढवा. चारही उत्तरं तयार.

त्यानंतर लो प्रेशरची सूचना. इंजिन बंदच, पण चावी ऑन हवी. दिवा-बझर विजेवर चालतात. चावी बंद ठेवून पेडल पंप करत बसाल तर काटा शून्याला आला तरी बझर वाजणार नाही आणि चूक गाडीची वाटेल. पेडल दाबत-सोडत दाब उतरवा, ५५ च्या खाली जाण्याआधी सूचना आलीच पाहिजे. तसंच पुढे चालू ठेवा: ४५ ते २० च्या दरम्यान पार्किंग ब्रेकचा नॉब आणि ट्रॅक्टर-ट्रेलर असेल तर ट्रेलरचा लाल नॉबही आपोआप बाहेर उडाला पाहिजे. बाहेर उडाला म्हणजे स्प्रिंग ब्रेक लागले. या चाचणीत गाडी हलू शकते, म्हणून ठोकळे तोवर जागेवरच ठेवायचे.

शेवटी पार्किंग ब्रेक लावून, लो गिअरमध्ये गाडी हलकेच ओढून पाहायची. धरून राहिली पाहिजे. आणि सर्व्हिस ब्रेकसाठी दाब पूर्ण भरल्यावर, पार्किंग ब्रेक सोडून, साधारण ५ मैलांच्या वेगाने पुढे जाऊन पेडल घट्ट दाबायचं. गाडी एका बाजूला ओढते का, पायाला काही वेगळं लागतं का, थांबायला उशीर होतो का, हे बघायचं.

थांबण्याच्या अंतराचा प्रश्न जवळपास नक्की येतो. हायड्रॉलिक ब्रेक लगेच पकडतो. हवेला मात्र नळीतून चाकापर्यंत जायला अर्धा सेकंद किंवा जास्त लागतो, हा ब्रेक लॅग. म्हणून एअर ब्रेकच्या अंतरात चार तुकडे असतात: धोका दिसून मेंदूला कळेपर्यंतचं, पाय पेडलवर जाईपर्यंतचं, ब्रेक लॅगचं, आणि प्रत्यक्ष ब्रेकचं. ताशी ५५ मैलांना, कोरड्या रस्त्यावर, मॅन्युअलचे आकडे अनुक्रमे १४२, ६१, ३२ आणि २१६ फूट. बेरीज ४५१. मॅन्युअल 'साडेचारशे फुटांहून जास्त' म्हणतं ते हेच. दुसऱ्या प्रकरणात मात्र ४१९ फूट दिसतात, कारण तिथे ब्रेक लॅग धरलेला नाही. दोन प्रकरणं, दोन आकडे, आणि फरक बरोबर ३२ चा. हे कळलं की विरोधाभास उरत नाही. एअर ब्रेकच्या पेपरात लॅग धरूनच उत्तर द्या.

उताराचा भाग तुम्ही वाचताना 'हे तर येतंच' म्हणून पुढे जाल, तसं करू नका. इथे भारतातली सवय आणि मॅन्युअल यांत सर्वांत मोठी दरी आहे. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करून उतरवणारे चालक तुम्ही बोरघाटात पाहिलेच असतील. सीडीएलच्या भाषेत तो थेट नापास होण्याचा मार्ग आहे. उत्तर असं: उतार सुरू होण्याआधीच योग्य लो गिअरमध्ये जा, मुख्य काम इंजिनाला करू द्या, ब्रेक फक्त मदतीला. मग सुरक्षित वेग ठरवा, समजा ४० मैल. वेग ४० ला पोचेपर्यंत पेडलला हात नाही, म्हणजे पाय नाही. ४० झाला की गाडी स्पष्ट मंदावेल इतपत दाबा, वेग ३५ वर आला की पूर्ण सोडा. हे साधारण तीन सेकंदांचं काम. पुन्हा ४० होईपर्यंत वाट पाहा. हलका पाय सतत ठेवून उतरणं चूक, कारण ब्रेकला गार व्हायला वेळच मिळत नाही. तापलं की लायनरची पकड रासायनिक बदलांनी कमी होते आणि ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो. तेवढंच अंतर कापायला पुशरॉड आणखी बाहेर यावा लागतो. आधीच ढिला असलेला ॲडजस्टर इथे जीवावर बेततो. ॲप्लिकेशन प्रेशरचा, म्हणजे ब्रेकला किती दाब जातोय ते दाखवणारा, काटा असेल आणि तोच वेग राखायला तो वर वर चढत असेल, तर ब्रेकची पकड कमी होत आहे असं समजा. अर्थात सगळ्या गाड्यांत हा काटा नसतो.

तातडीने थांबताना दोन पद्धती. कंट्रोल्ड ब्रेकिंगमध्ये चाकं लॉक होणार नाहीत इतकंच जोरात दाबायचं आणि स्टिअरिंग फार कमी हलवायचं. स्टॅब ब्रेकिंगमध्ये पूर्ण दाबायचं, चाकं लॉक झाली की सोडायचं, फिरू लागली की पुन्हा दाबायचं. सोडल्यावर चाकं फिरू लागायला एक सेकंदापर्यंत लागू शकतो, तोवर घाई नको. एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर स्टॅब ब्रेकिंग करायचं नाही.

एबीएसच्या तारखा दोन: एअर ब्रेक असलेले ट्रॅक्टर १ मार्च १९९७ पासून, आणि बाकीचे एअर ब्रेकवाले ट्रक, बस, ट्रेलर, डॉली १ मार्च १९९८ पासून. पिवळा दिवा लागून राहिला तर एबीएस बंद आहे, साधे ब्रेक चालू आहेत. जपून चालवा आणि लवकर दुरुस्त करून घ्या. ट्रेलरचा दिवा डाव्या बाजूला, पुढच्या किंवा मागच्या कोपऱ्याजवळ असतो. एबीएस थांबण्याचं अंतर कमी करतंच असं मॅन्युअल म्हणत नाही, ते चाकं लॉक होऊ देत नाही. जुन्या गाड्यांतला फ्रंट ब्रेक लिमिटिंग व्हॉल्व्हही एका प्रश्नापुरता वाचा: 'स्लिपरी' केल्यावर पुढच्या ब्रेकचा दाब निम्मा होतो, पण बर्फावरसुद्धा तो 'नॉर्मल'वरच ठेवायचा.

सराव प्रश्न कसे सोडवावेत याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. निव्वळ सराव प्रश्न सोडवून पास होणारे पुष्कळ असतात, पण ते प्रश्नाचा आकार पाठ करतात, आणि शब्द बदलला की गडबडतात. पाचव्या प्रकरणाच्या प्रत्येक भागाखाली मॅन्युअलनेच प्रश्न दिलेले आहेत. ते पर्याय न पाहता, स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. इंग्रजीत लिहा, मोडकंतोडकं चालेल. पेपर मराठीत कुठेच मिळत नाही, आणि पुढे रस्त्यावरही इंग्रजी वाचता-बोलता येणं केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे; २०२५ च्या जूनपासून ते न आल्यास तपासणीत चालकाला जागीच थांबवतात. 'before', 'below', 'except' अशा शब्दांना म्हणजेच 'बिफोर', 'बिलो', 'एक्सेप्ट' यांना प्रश्न वाचताना बोट लावा. अनुभवी माणसाचं डोळ्यांनी वाचणं वेगवान असतं आणि नेमके हेच शब्द निसटतात. 'अबाउट' असेल तर जवळचा आकडा चालतो, 'मस्ट' असेल तर मर्यादेबाहेरचा काहीही चालत नाही.

आणखी एक. कॅनडातल्या नातेवाइकांच्या नोट्स घेऊ नका. तिथे प्रत्येक प्रांताचं पुस्तक वेगळं. ऑन्टारियोत परवान्यावर 'झेड' असणं म्हणजे एअर ब्रेकची परवानगी, अमेरिकेत 'झेड' म्हणजे नेमकं उलट: पूर्ण एअर ब्रेकची गाडी चालवायला मनाई.

हे 'झेड' तुम्हाला पेपर निघाल्यावरही लागू होऊ शकतं, म्हणून आत्ताच ठरवून ठेवा. लेखी पेपर राहिला किंवा प्रत्यक्ष परीक्षा एअर ब्रेक नसलेल्या गाडीवर दिली तर परवान्यावर 'एल' चं बंधन येतं. लेखी निघाला, पण प्रत्यक्ष परीक्षा हवेने चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकच्या गाडीवर दिली तर 'झेड'. एअर-ओव्हर-हायड्रॉलिक गाडीत नळ्यांमध्ये हवा दिसते म्हणून ती पूर्ण एअर ब्रेकची ठरत नाही. ट्रेनिंग स्कूलला पैसे भरण्याआधी विचारा की परीक्षेला देणार ती गाडी पूर्ण एअर ब्रेकची आहे का, आणि एअर ब्रेक तपासणीचा सराव त्याच गाडीवर मिळेल का. प्रत्यक्ष परीक्षेत ती तपासणी चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही त्या टप्प्यावरच नापास करतात. लर्नर परमिट मिळाल्यावर १४ दिवस होईपर्यंत प्रत्यक्ष परीक्षा देता येत नाही. ते दिवस वर सांगितलेला क्रम, ठोकळ्यांपासून नॉब बाहेर उडेपर्यंत, गाडीपाशी उभं राहून इंग्रजीत मोठ्याने म्हणण्यात घालवा.